दोष श्वास घेणाऱ्याचा नव्हे

देशी एमआरआय यंत्राच्या बातम्या अलीकडे वारंवार झळकू लागल्या आहेत. मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने इतर संस्थांच्या साहाय्याने घडवलेले १.५ टेस्लाचे यंत्र चाचणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसवावे, असा करार मार्च २०२५ मध्ये झाला. त्याच वर्षी बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीचे यंत्र चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात पोहोचल्याचे वृत्त आले. अभिमान वाटावा अशाच या घटना आहेत. मात्र या बातम्यांवर जी चर्चा होते ती तीन प्रश्नांपुरतीच असते: चुंबक किती टेस्लाचे, किंमत किती कमी आणि आयात किती वाचणार. चौथा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. यंत्राच्या बोगद्यात निजलेला माणूस श्वास घेतो, त्याचे काय करायचे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर वाराणसीचे उदाहरण घ्यावे. गंगेच्या खोऱ्यातील हा पट्टा पित्ताशयाच्या कर्करोगासाठी जगात कुप्रसिद्ध आहे. पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बिहार येथील रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयाकडे धाव घेत आले. २०१९ पासून टाटा स्मारक केंद्राची दोन कर्करोग रुग्णालये या शहरात उभी आहेत, एक विश्वविद्यालयाच्या आवारात आणि दुसरे लहरतारा येथे. या रुग्णांपैकी अनेकांच्या बाबतीत निर्णायक प्रश्न एकच असतो: पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे ती जुन्या दाहामुळे की कर्करोगामुळे? आणि कर्करोग असलाच तर तो यकृतात वा पित्तनलिकेत किती शिरला आहे? शस्त्रक्रिया करावी की करू नये, हे त्या उत्तरावर ठरते.

आता मापे पाहावीत. निरोगी पित्ताशयाची भिंत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसते. पित्ताशय यकृताला चिकटलेले असते आणि यकृत श्वासपटलाखाली. शांतपणे श्वास घेतानाही यकृत प्रत्येक श्वासागणिक सुमारे १ ते २ सेंटिमीटर खालीवर सरकते. म्हणजे जी गोष्ट पाहायची तिच्या जाडीच्या कितीतरी पट ती गोष्ट हलते आहे, आणि हे मिनिटाला बारा ते वीस वेळा. मेंदू किंवा गुडघा यांच्या देखण्या प्रतिमा दाखवून ज्या यंत्राचे कौतुक होते, त्या यंत्राची खरी परीक्षा इथे, पोटात असते.

या परीक्षेत यंत्र नापास झाले की अहवालात काय लिहिले जाते? ‘रुग्णाने श्वास रोखण्यास सहकार्य न केल्यामुळे प्रतिमा सदोष.’ देशातील कोणत्याही गजबजलेल्या केंद्रात या अर्थाचे वाक्य सापडेल. वाक्याचा कर्ता रुग्ण, दोषीही रुग्ण. हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या निरुपयोगी आहे आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे.

चुकीचे कसे, ते समजून घेण्यासाठी एमआरआयची प्रतिमा कशी बनते हे थोडक्यात पाहावे लागेल. एमआरआय हा कॅमेरा नव्हे. तो शरीराचे चित्र घेत नाही. शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा रेडिओ संकेत तो मोजतो, १.५ टेस्लाच्या यंत्रात या संकेताची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ असते. या मोजमापांचा एक तक्ता भरला जातो, त्यास के-स्पेस म्हणतात. तक्ता पूर्ण भरला की फूरिये गणिताने त्याचे प्रतिमेत रूपांतर होते. तक्त्याची एक ओळ भरायला काही मिलिसेकंद पुरतात. एवढ्या वेळात यकृत हलत नाही. परंतु एका ओळीनंतर दुसरी ओळ भरताना मध्ये बराच वेळ जातो, आणि ओळी शेकडो असतात.

साधे उदाहरण घ्यावे. जुन्या धर्तीच्या स्कॅनमध्ये दोन ओळींमधील अंतर अर्धा सेकंद आणि ओळी २५६ असतील, तर तक्ता भरायला १२८ सेकंद लागतात. रुग्ण दर चार सेकंदांनी एक श्वास घेत असेल, तर तेवढ्यात ३२ श्वास होतात. तक्त्यातील काही ओळी पोट फुगलेले असताना मोजल्या गेल्या, काही पोट आत गेलेले असताना, आणि हा बदल ठरावीक लयीत झाला. फूरिये गणिताला काळ ठाऊक नसतो. तक्त्यात आढळणारी प्रत्येक नियमित पुनरावृत्ती ते स्थळातील रचना समजते. परिणामी पोटाच्या पृष्ठभागाची, विशेषतः त्वचेखालच्या तेजस्वी चरबीची, एक फिकट प्रत मूळ जागेपासून ३२ बिंदूंवर उमटते, दुसरी ६४ बिंदूंवर, आणि अशी रांग लागते. तंत्रज्ञ याला घोस्ट म्हणतात. ही छाया नेमकी पित्ताशयावर पडली तर भिंत जाड दिसू शकते किंवा लहान गाठ झाकली जाऊ शकते.

या गणितातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की चुंबक अधिक शक्तिशाली केल्याने छाया पुसली जात नाही. संकेत वाढला की छायेचा संकेतही वाढतो. उलट पार्श्वभूमीचा गोंगाट कमी झाल्यामुळे ती अधिक ठळक दिसते. टेस्लाच्या आकड्यांवर खूश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. छाया श्वासामुळे उमटत नाही. श्वास आणि ओळी भरण्याचा क्रम या दोहोंच्या विसंगतीमुळे उमटते. श्वास ही निसर्गाची अट आहे. क्रम ही माणसाने केलेली निवड आहे. दोषाचे खापर फोडायचेच असेल तर ते निवडीवर फोडावे.

ती निवड कशी झाली, याचा इतिहास भारतीय वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची जी पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली, ती वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या प्रक्षेपांवरून रचलेली होती. म्हणजे मोजमाप चाकाच्या आऱ्यांप्रमाणे केंद्रातून जाणाऱ्या रेषांवर झाले होते. १९७५ मध्ये अनिल कुमार, डीटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी झुरिकमधून फूरिये पद्धत मांडली आणि तक्ता ओळीओळीने भरण्याचा मार्ग मोकळा झाला. यातील अनिल कुमार हे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ. आज जगातील बहुतेक एमआरआय प्रतिमा ज्या कल्पनेवर उभ्या आहेत, तिच्या जनकांपैकी एक भारतीय आहे. ओळीओळीची पद्धत चुंबकाच्या तत्कालीन उणिवा अधिक सहन करणारी आणि गणितास सोपी होती, म्हणून तिने बाजी मारली. तिची किंमत म्हणजे हालचालीची ही छाया.

पण किंमत कळल्यावर विज्ञान स्वस्थ बसले नाही. १९८५ च्या सुमारासच ओळींचा क्रम श्वासाच्या टप्प्याशी जुळवून छाया दाबण्याची युक्ती मांडली गेली. पोटाला पट्टा बांधून, उच्छ्वासाच्या शेवटी यकृत स्थिर असते तेवढ्याच वेळात मोजमाप करण्याची पद्धत आली. १९८९ मध्ये नॅव्हिगेटरची कल्पना आली. तिच्या आधारे पुढे श्वासपटलाची जागाच मोजून तो अपेक्षित पट्ट्यात असेल तेव्हाचीच मोजमापे स्वीकारता येऊ लागली. एक संपूर्ण काप सेकंदाहून कमी वेळात टिपणारे सिक्वेन्स आले. पित्तनलिकांची एमआरसीपी तपासणी त्यांच्यावरच मोठ्या प्रमाणात विसंबते. १९९९ मध्ये सेन्स या पद्धतीने अनेक कॉइलच्या साहाय्याने कमी ओळींत काम भागवता येऊ लागले. त्याच वर्षी के-स्पेस फिरत्या पात्यांनी भरणारी प्रोपेलर पद्धत आली. २००७ मध्ये कॉम्प्रेस्ड सेन्सिंग एमआरआयमध्ये आले आणि २०१४ मध्ये ग्रास्प या पद्धतीने ते आऱ्यांच्या मोजमापाशी जोडले गेले. रुग्णाने श्वास न रोखता, मोकळेपणाने श्वास घेत असतानाच यकृताचे कॉन्ट्रास्ट स्कॅन करणे शक्य झाले. यात लॉटरबर यांचे आरेच परतून आले आहेत. प्रत्येक आरा के-स्पेसच्या केंद्रातून जातो. त्यामुळे केंद्र पुन्हापुन्हा मोजले जाते, हालचालीची सरासरी होते आणि त्याच केंद्रातील संकेताच्या चढउतारावरून श्वासाची लयही ओळखता येते. छायांची रांग नाहीशी होते. उरते ती थोडी धूसरता आणि काही किरणांसारख्या रेघा.

यातील एकही उपाय फुकट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पट्टा बांधून केलेल्या मोजमापात अनेकदा निम्म्याहून अधिक वेळ वाट पाहण्यात जातो. सेकंदात काप टिपणाऱ्या पद्धतीत प्रत्येक काप स्वच्छ असतो, पण शेजारचे दोन काप श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर टिपले जातात आणि मधली लहान गाठ निसटू शकते. आऱ्यांच्या पद्धतीला संगणकाची ताकद लागते. श्वास रोखण्याची पद्धत यशस्वी झाली तर सर्वांत जलद असते. म्हणूनच ती आवडती आहे, आणि म्हणूनच ती फसली की दोष रुग्णावर ढकलण्याचा मोह होतो.

येथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो: वेळ. सरकारी रुग्णालयाच्या बाहेर रांग असते. एका रुग्णाला दहा मिनिटे अधिक दिली तर शेवटचा रुग्ण त्या दिवशी परत जातो, आणि तो कदाचित बलियाहून रात्रभर प्रवास करून आलेला असतो. रांग ही नैतिक वस्तुस्थिती आहे. तिला नाक मुरडणाऱ्या शास्त्रज्ञाने एक दिवस तंत्रज्ञाच्या खुर्चीवर बसून पाहावे.

तरीही हा आक्षेप हिशेबाला टिकत नाही. कॉन्ट्रास्टचे औषध शिरेतून एकदाच दिले जाते. यकृताचा धमनी-टप्पा इंजेक्शननंतर काही सेकंद टिकतो आणि निघून जातो. नेमक्या त्या पंधरा-वीस सेकंदांत रुग्णाला श्वास रोखता आला नाही, तर तो क्षण पुन्हा आणता येत नाही. अशा तपासणीत वाचलेली दहा मिनिटे दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या तपासणीत, दुसऱ्या इंजेक्शनमध्ये आणि दुसऱ्या प्रवासात व्याजासह वसूल होतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसरी तपासणी होतच नाही, आणि शल्यविशारद अर्धवट माहितीवर निर्णय घेतो. रांगेच्या नावाने केलेली घाई रांग कमी करत नाही, ती पुढच्या आठवड्याच्या रांगेत भर घालते.

शिवाय सर्व उपाय वेळखाऊ नाहीत. रुग्णाला यंत्रात सरकवण्यापूर्वी एक मिनिट श्वासाची तालीम घेतली, तर कोण श्वास रोखू शकतो आणि कोण नाही हे आधीच कळते. ज्याला दहा सेकंदही जमत नाहीत, त्याच्यासाठी मोकळ्या श्वासाचा आराखडा सुरुवातीलाच निवडावा. चार फसलेल्या प्रयत्नांनंतर नव्हे. उच्छ्वासाच्या शेवटी श्वास रोखला तर यकृत दर वेळी जवळपास त्याच जागी येते. श्वास भरून रोखला तर येत नाही. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे, तिला एक रुपया लागत नाही. पोटावरील चरबीचा संकेत दाबणारा पर्याय जवळपास प्रत्येक यंत्रात असतो. पट्टा अनेक यंत्रांसोबत येतो आणि खणात पडून राहतो.

आणि भाषा? गाझीपूर वा चंदौलीच्या खेड्यातील साठीची स्त्री पहिल्यांदाच अशा बोगद्यात शिरते. कानांवर घणाचे घाव पडावेत तसा आवाज चालू असतो. त्यातून प्रमाण हिंदीत, कधी इंग्रजीत, आधीच ध्वनिमुद्रित केलेली आज्ञा येते. ती स्त्री घरी भोजपुरी बोलते. तिला कावीळ झाली आहे, पोटात पाणी साठले आहे, उजव्या कुशीत दुखते आहे. तिने आज्ञा ऐकली नाही, समजली नाही, की समजूनही पाळू शकली नाही, याचा विचार न करता ‘असहकार’ हा शब्द लिहिणे म्हणजे शास्त्रीय नोंद नव्हे. तो निवाडा आहे आणि आरोपीची बाजू न ऐकता दिलेला आहे. भोजपुरीत चार वाक्ये ध्वनिमुद्रित करायला किती खर्च येतो?

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सारे पाहून घेईल. खोल शिक्षणावर आधारलेल्या पुनर्रचनेने स्कॅनचा वेळ खरोखर कमी केला आहे, आणि श्वास रोखण्याचा काळ घटवणे हा तिचा खरा उपयोग आहे. पण जे मोजलेच नाही ते ती निर्माण करू शकत नाही. फार तर अंदाज बांधू शकते. तो अंदाज तिला शिकवलेल्या प्रतिमांवर अवलंबून असतो. या क्षेत्रात सर्वाधिक वापरला गेलेला खुला कच्चा विदासंच म्हणजे फास्टएमआरआय, आणि त्याची सुरुवात गुडघ्यांपासून झाली, मग मेंदू आला. गुडघा श्वास घेत नाही. ज्या गणनपद्धतीने गंगेच्या खोऱ्यातील जाड भिंतीचे पित्ताशय फारसे पाहिलेलेच नाही, ती छायेसोबत गाठही पुसून टाकणार नाही याची हमी कोण देणार? सदोष प्रतिमा निदान आपण सदोष असल्याचे सांगते. गुळगुळीत केलेली खोटी प्रतिमा तेही सांगत नाही.

तिसरा आक्षेप काशीत हमखास ऐकू येईल असा आहे. प्राणायामाच्या या देशात श्वास रोखणे अवघड का व्हावे? कुंभक शिकवा, प्रश्न मिटेल. तालमीचा उपयोग आहेच, हे वर म्हटले आहे. पण कुंभक हा निरोगी साधकाच्या दीर्घ अभ्यासाचा भाग आहे. जलोदराने श्वासपटल वर ढकलले गेलेल्या रुग्णाकडून त्याची अपेक्षा करणे हे परंपरेचे गौरवगान नव्हे, परंपरेच्या नावाने केलेली निर्दयता आहे. ज्या रुग्णांना या तपासणीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्यांनाच श्वास रोखणे सर्वाधिक जड जाते. तपासणीचा आराखडा या वस्तुस्थितीपासून सुरू व्हायला हवा.

देशी यंत्राचा प्रश्न येथेच पुन्हा येतो, आणि तो टीकेचा नसून संधीचा आहे. आयात केलेल्या यंत्राचे सिक्वेन्स आणि पुनर्रचनेची आज्ञावली बहुधा कंपनीच्या कुलपात असते. मोकळ्या श्वासाचे उत्तम सिक्वेन्स अनेकदा स्वतंत्र परवान्याने, स्वतंत्र किमतीला मिळतात. निविदा भरताना तो परवाना पहिल्या फटक्यात कापला जातो, कारण तो दिसत नाही आणि टेस्लाचा आकडा दिसतो. स्वतःचे यंत्र बनवणाऱ्या देशाला हे कुलूप बाळगण्याची सक्ती नाही. ओळींचा क्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य हे देशी यंत्राचे खरे मोल आहे. ते वापरले नाही तर परदेशी यंत्राची स्वस्त नक्कल तेवढी हाती उरेल.

म्हणून या यंत्रांविषयी उत्साहाने लिहिणाऱ्या प्रत्येकाने काही गोष्टींचा आग्रह धरावा. चाचण्या निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या मेंदूंवर थांबू नयेत. श्वास रोखू न शकणाऱ्या रुग्णांच्या पोटांवर व्हाव्यात आणि त्यांचे निष्कर्ष, अपयशासह, प्रसिद्ध व्हावेत. मोकळ्या श्वासाचा किमान एक सिक्वेन्स यंत्राच्या मूळ किमतीत असावा. रुग्णाची ओळख काढून टाकलेली कच्ची मोजमापे, म्हणजे के-स्पेसचे तक्ते, संशोधकांना खुले व्हावेत, म्हणजे पोटावर शिकणारी गणनपद्धत येथील पोटांवर शिकेल. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात एमआरआयसाठी भौतिकशास्त्रज्ञाचे पद असावे. किरणोपचाराच्या विभागात असा माणूस अनिवार्य मानला जातो, मग येथे का नाही? वाराणसीत वैद्यकीय संस्था, भौतिकशास्त्राचा विभाग आणि आयआयटीतील जैववैद्यकीय अभियांत्रिकी एकाच आवारात नांदतात. रुग्ण, प्रश्न आणि तो सोडवू शकणारे विद्यार्थी यांच्यात पायी चालण्याएवढे अंतर आहे. भारतातील फार थोड्या ठिकाणी हे भाग्य आहे. भौतिकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर त्याला दूरच्या आकाशगंगेपर्यंत जावेच लागते असे नाही.

आणि शेवटचा आग्रह अहवालाच्या भाषेविषयी. ‘रुग्णाने सहकार्य केले नाही’ हे वाक्य बंद व्हावे. त्याऐवजी घडले ते लिहावे: कोणता सिक्वेन्स वापरला, किती सेकंद श्वास रोखण्याची अपेक्षा होती, तालीम घेतली का, आज्ञा कोणत्या भाषेत दिली, मोकळ्या श्वासाचा पर्याय वापरला का, नसल्यास का नाही. एवढ्या नोंदी वर्षभर ठेवल्या तर प्रतिमा नेमक्या कुठे बिघडतात हे कोणत्याही केंद्राला कळेल. पुढच्या तपासणीच्या वेळी त्या साठीच्या स्त्रीसाठी कोणता पर्याय निवडायचा, हेही तंत्रज्ञाला तिच्या मागच्या अहवालात वाचता येईल.